गँडरचे पाहुणे

कॅनडा देशाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचे एक विस्तीर्ण बेट आहे. खडकाळ किनारा, दाट धुके, सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये आणि वर्षातील कित्येक महिने टिकणारी कडाक्याची थंडी ही या बेटाची वैशिष्ट्ये होत. येथील लोक पिढ्यानुपिढ्या कॉड माशांच्या मासेमारीवर उपजीविका करीत आले. इ. स. १९४९ मध्ये हे बेट कॅनडाच्या संघराज्यात सामील झाले. याच बेटाच्या अंतर्भागात गँडर हे गाव वसलेले आहे. २००१ साली त्याची लोकसंख्या दहा हजारांच्या आतच होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढीच ही वस्ती.

एवढ्याशा गावाला प्रचंड विमानतळ कसा लाभला, याचे कारण पृथ्वीच्या गोलावर पाहिले म्हणजे कळते. गोलावर न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरला, तर तो न्यूफाउंडलंडच्या जवळून जातो. पूर्वीच्या विमानांना अमेरिकेतून निघून एका दमात महासागर ओलांडणे शक्य नव्हते. वाटेत कोठेतरी उतरून इंधन भरून घेणे त्यांना भाग होते. या कामासाठी १९३८ साली गँडरचा विमानतळ सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका खंडातून इंग्लंडकडे जाणारी हजारो लढाऊ विमाने येथूनच महासागरावर झेपावली. युद्धानंतर उतारूंची विमाने येथे थांबू लागली. १९५९ साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते येथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. परंतु लवकरच जेट विमाने आली आणि ती न थांबता महासागर पार करू लागली. गँडरची वर्दळ ओसरली. लांबरुंद धावपट्ट्या आणि प्रसिद्ध वैमानिकांची नावे दिलेले गावातील रस्ते एवढेच त्या वैभवाचे चिन्ह मागे उरले. जग गँडरला जवळजवळ विसरून गेले होते. पण एके दिवशी जगालाच गँडरच्या दारात उभे राहावे लागले.

तो दिवस म्हणजे मंगळवार, दिनांक ११ सप्टेंबर २००१. त्या दिवशी सकाळी दहशतवाद्यांनी अमेरिकेत उतारूंची चार विमाने बळकावली. त्यांतील दोन विमाने त्यांनी न्यूयॉर्क शहरातील जागतिक व्यापार केंद्राच्या दोन गगनचुंबी मनोऱ्यांवर आदळली. तिसरे विमान पेंटॅगॉन या संरक्षण खात्याच्या इमारतीवर आदळले आणि चौथे पेन्सिल्व्हेनिया राज्यातील एका माळरानावर कोसळले. या हल्ल्यांत सुमारे तीन हजार निरपराध माणसे प्राणास मुकली.

आणखी किती विमानांत हल्लेखोर दडलेले असतील, हे त्या घटकेला कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेने आपले संपूर्ण आकाश नागरी विमानांना बंद केले. त्या वेळी युरोपातून अमेरिकेकडे निघालेली शेकडो विमाने महासागरावर होती. ज्यांनी अर्ध्याहून अधिक वाट ओलांडली होती, त्यांच्याजवळ परत फिरण्यापुरते इंधन नव्हते. पुढे जाण्यास मनाई, मागे जाणे अशक्य आणि खाली अथांग समुद्र अशी त्यांची स्थिती झाली. अशा वेळी कॅनडाने आपले विमानतळ त्यांच्यासाठी मोकळे केले. दोनशेहून अधिक विमाने कॅनडात उतरली. त्यांपैकी अडतीस विमाने काही तासांच्या अवधीत एकामागून एक गँडरच्या धावपट्ट्यांवर येऊन उभी राहिली. त्यांत सुमारे ६,६०० माणसे होती. दर तीन गावकऱ्यांमागे दोन पाहुणे, असे हे प्रमाण झाले!

विमाने उतरली, तरी उतारूंची सुटका झाली नाही. प्रत्येक विमानाची आणि प्रत्येक माणसाची कसून तपासणी केल्यावाचून कोणालाही बाहेर सोडू नये, असा अधिकाऱ्यांचा निर्णय होता. एका वेळी एकाच विमानातील माणसे उतरवली जात. बाकीचे उतारू आपापल्या जागी बसून होते. काहींना तर चोवीस तासांहूनही अधिक काळ तसेच बसून राहावे लागले. काय घडले आहे, याची नीट कल्पनाही अनेकांना नव्हती. वैमानिकांनी सांगितलेले चार शब्द आणि कोणा एखाद्याच्या दूरध्वनीवरून कळलेली अर्धवट बातमी, एवढ्यावरच सर्वांची भिस्त होती. तान्ही मुले रडत होती, वृद्धांचे पाय आखडले होते, आणि खिडकीतून दिसत होती ती दूरवर पसरलेली झाडी व रांगेने उभी असलेली विमाने.

इकडे गावात मात्र एका क्षणाचीही उसंत नव्हती. नगराध्यक्ष क्लॉड एलियट यांनी आणीबाणीची घोषणा केली आणि सारे गाव कामाला लागले. गावातील हॉटेलांच्या खोल्या मोजक्याच होत्या. त्या वैमानिक आणि विमानातील कर्मचारी यांच्यासाठी राखून ठेवण्यात आल्या. कारण पुढचा प्रवास सुखरूप व्हायचा, तर त्यांना पुरेशी विश्रांती मिळणे अगत्याचे होते. उरलेल्या हजारो उतारूंसाठी शाळा, चर्चे, सभागृहे आणि अग्निशामक दलाच्या इमारती रिकाम्या करण्यात आल्या. त्याही पुरेनात, तेव्हा ॲपल्टन, ग्लेनवुड, ल्युइसपोर्ट, गॅम्बो, नॉरिस आर्म या आसपासच्या गावांनी आपली दारे उघडली.

एवढ्या माणसांना विमानतळावरून नेणार कसे, हा पहिला प्रश्न होता. शाळांच्या बसगाड्या होत्या. परंतु त्यांच्या चालकांचा त्याच सुमारास संप चालू होता. संपाचे कारण मिटलेले नव्हते. तरीही संकटाची वार्ता कानी पडताच चालकांनी हातातील फलक खाली ठेवले व गाड्यांचा ताबा घेतला. आपले भांडण मालकाशी आहे, अडलेल्या वाटसरूशी नाही, हा विवेक त्यांनी दाखवला. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या गाड्या विमानतळ व गाव यांच्या दरम्यान ये-जा करीत होत्या.

गावकऱ्यांनी घराघरांतून गाद्या, उशा, पांघरुणे आणि टॉवेल गोळा केले. कोणी ते परत मिळतील की नाही, असा विचार केला नाही. घरोघरी चुली पेटल्या. सूप, पाव, उकडलेले बटाटे, माशांचे पदार्थ यांची भांडी शाळांच्या दारात येऊ लागली. शिजवलेले अन्न इतके जमले, की ते ठेवावे कोठे, असा पेच पडला. तेव्हा कोणाला तरी युक्ती सुचली. बर्फावर हॉकी खेळण्याचे गावात एक बंदिस्त क्रीडांगण होते. त्या क्रीडांगणाचेच शीतगृह झाले आणि जेथे एरवी खेळाडू धावत, तेथे अन्नाच्या राशी रचल्या गेल्या. दुकानदारांनी दात घासण्याचे ब्रश, साबण, अंतर्वस्त्रे, लहान मुलांचे लंगोट अशा वस्तू दिल्या. पुष्कळांनी त्याचे दामही मागितले नाहीत.

उतारूंचे सामान विमानांच्या पोटातच राहिले होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आणि हातातील पिशवीनिशी ते बाहेर पडले होते. कित्येकांची रोजची औषधेही त्या सामानातच अडकली होती. कोणाला हृदयविकार होता, कोणाला मधुमेह. गावातील औषधविक्रेत्यांनी रात्र रात्र जागून निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांशी दूरध्वनीवर संपर्क साधला. एकाच औषधाला देशोदेशी वेगवेगळी नावे असतात. ती नावे पडताळून पाहून त्यांनी प्रत्येकाला हवे ते औषध दिले, आणि तेही विनामूल्य. जे काम एरवी दुकानातील फळीवरून डबी काढून देण्याइतके सोपे, तेच त्या रात्री प्राणदानाइतके मोलाचे ठरले.

आपण सुखरूप आहोत एवढे घरच्यांना कळवावे, ही प्रत्येकाच्या जिवाला लागलेली तळमळ होती. त्या काळी जवळ मोबाईल असणारे थोडेच होते. दूरध्वनी कंपनीने रस्त्याच्या कडेला मेजे मांडून त्यांवर दूरध्वनींची ओळ उभी केली. जगात कोठेही बोला, पैसे पडणार नाहीत, असे सांगण्यात आले. आश्रयस्थानांत दूरचित्रवाणी संचही बसवण्यात आले. तेथे उतारूंनी मनोरे कोसळतानाची दृश्ये पहिल्यांदा पाहिली, तेव्हा भरल्या सभागृहात शांतता पसरली. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गावकऱ्यांच्या खांद्यावर डोके ठेवून कित्येकांनी अश्रूंना वाट करून दिली.

पाहुणे अनेक देशांचे होते. त्यांच्या भाषा निराळ्या, धर्म निराळे, खाणेपिणे निराळे. गँडरमधील बहुतेक लोकांनी एवढे विविध देशांचे लोक एकत्र असे कधी पाहिलेही नव्हते. तरी त्यांनी प्रत्येकाची सोय पाहिली. सनातनी ज्यू उतारूंच्या धर्मात अन्न शिजवण्याचे नियम कडक असतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र स्वयंपाकघर मांडून दिले. मुसलमान उतारूंना नमाजासाठी जागा दिली. ज्यांची भाषा कोणालाच येत नव्हती, त्यांच्याशी खुणांनी बोलणे झाले. शाळांना सुट्टी मिळाली होती. पण मुले घरी बसली नाहीत. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी जेवण वाढणे, झाडलोट करणे, लहान मुलांना खेळवणे अशी कामे अंगावर घेतली. पुष्कळ कुटुंबांनी तर पाहुण्यांना घरी नेऊन अंघोळीला गरम पाणी दिले, त्यांचे कपडे धुतले आणि आपल्या गाडीतून त्यांना आसपासचा प्रदेश दाखवून आणला.

माणसांच्या या गर्दीत मुक्या जिवांचाही विसर पडला नाही. विमानांच्या सामानकक्षांत काही कुत्री, मांजरे आणि अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयाकडे चाललेली बोनोबो जातीची दोन दुर्मिळ वानरे होती. ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानात आली नव्हती. प्राण्यांची काळजी वाहणाऱ्या काही कार्यकर्त्यांना ती कळली, तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांकडे चिकाटीने पाठपुरावा केला आणि परवानगी मिळवली. सामानाच्या राशींतून सरपटत जाऊन त्यांनी त्या भेदरलेल्या प्राण्यांना अन्नपाणी दिले व त्यांचे पिंजरे स्वच्छ केले.

परंतु सर्वच दुःखांवर उपाय करणे गँडरच्या हाती नव्हते. अडकून पडलेल्या उतारूंमध्ये एक माता होती. तिचा मुलगा न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात नोकरीस होता. जळत्या मनोऱ्यांत अडकलेल्यांना वाचवण्यासाठी दलाचे जवान आत शिरले होते आणि त्यांतील शेकडो जवान परत आले नव्हते. ती माता पुन्हा पुन्हा दूरध्वनी करी. पण मुलाचा ठावठिकाणा लागत नसे. गावातील एका स्त्रीचा मुलगाही अग्निशामक दलात स्वयंसेवक होता. ती या मातेजवळ येऊन बसली. धीराचे मोठे शब्द तिच्याजवळ नव्हते. ती नुसती सोबत करी, चहा आणून देई, कधी एखादी गमतीची गोष्ट सांगून तिचे मन क्षणभर दुसरीकडे वळवी. पुढे तो मुलगा मनोऱ्यात कामी आल्याची वार्ता कळली. गँडरच्या अगत्याने तिचे दुःख टळले नाही. पण आयुष्यातील सर्वांत कठीण दिवसांत ती एकटी नव्हती. त्या दोन स्त्रियांचा स्नेह पुढेही टिकून राहिला.

या कथेतील आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परक्यांशी सौजन्याने वागणे एरवी फारसे कठीण नसते. त्या दिवशी मात्र परक्या माणसाची भीती वाटण्यास सबळ कारण होते. विमानातील उतारूच हल्लेखोर निघाले, हीच तर त्या दिवसाची बातमी होती. त्यामुळे काही उतारू एकमेकांकडेही संशयाने पाहत होते. ज्यांचा वेश किंवा वर्ण वेगळा, त्यांच्या वाट्याला हा संशय अधिक आला. निष्पाप माणसाला सहन करावी लागणारी संशयाची नजर ही शिक्षेहून हलकी नसते. अशा वातावरणात गावकऱ्यांनी तपासणीचे काम अधिकाऱ्यांवर सोपवले आणि आपण पाहुणचाराचे काम पत्करले. सावध राहणे आणि निष्ठुर होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना उमगले होते.

दोन दिवसांनी आकाश हळूहळू मोकळे होऊ लागले. १६ सप्टेंबरपर्यंत गँडरमधील विमानांनी निरोप घेतला. निघताना उतारूंनी पैसे देऊ केले, तेव्हा गावकऱ्यांनी ते घेण्यास साफ नकार दिला. तुम्ही आमच्या जागी असता, तर तुम्हीही हेच केले असते, असे त्यांचे साधे म्हणणे होते. मग कृतज्ञता व्यक्त करण्याच्या निराळ्या वाटा निघाल्या. ल्युइसपोर्ट येथे राहिलेल्या एका विमानातील उतारूंनी परतीच्या प्रवासात, आकाशात असतानाच, वर्गणी गोळा केली. पाहता पाहता सुमारे १५,००० डॉलरची आश्वासने मिळाली. तेथील विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यातून एक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. तो पुढे कितीतरी पटींनी वाढला. ज्या शाळांनी पाहुण्यांना छप्पर दिले, त्याच शाळांतील मुलांना या निधीचा लाभ झाला. लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीने २००२ साली आपल्या एका विमानाला गँडर व हॅलिफॅक्स या गावांचे नाव दिले. मार्च २०१७ मध्ये या घटनेवर आधारलेले ‘कम फ्रॉम अवे’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला न्यूफाउंडलंडचे लोक याच शब्दांनी ओळखतात.

गँडरच्या लोकांनाच हे का सुचले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ते काही फार श्रीमंत नव्हते. १९९२ साली कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली, कारण समुद्रातील मासेच संपत आले होते. त्यामुळे न्यूफाउंडलंडमधील हजारो कुटुंबांचा रोजगार गेला होता. १२ डिसेंबर १९८५ रोजी गँडरहून उड्डाण केलेले एक विमान लगेच कोसळले आणि त्यातील सर्व २५६ जण मृत्यू पावले. तो आघातही या गावाने सोसला होता. बर्फात वाट चुकलेला किंवा वादळात नाव फुटलेला मनुष्य दारी आला, तर त्याला आत घ्यायचे, ही या बेटाची जुनी रीत. कारण उद्या आपणही तसेच कोणाच्या दारी उभे राहू, हे दर्यावर्दी माणसाला चांगले ठाऊक असते. ज्याने स्वतः सोसलेले असते, त्याला दुसऱ्याचे दुःख ओळखायला वेळ लागत नाही.

अशी माणुसकी एकाच देशाची मिरास आहे, असे मात्र नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विमानतळ बंद झाला, आगगाड्या थांबल्या आणि लाखो लोक वाटेत अडकले. तेव्हा चाळींतील व झोपडपट्ट्यांतील रहिवाशांनी अनोळखी वाटसरूंना चहा-बिस्किटे दिली, रात्रीपुरता निवारा दिला आणि कंबरभर पाण्यातून हात धरून पैलतीरी पोचवले. गँडर आणि मुंबई यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे; तरी दोन्हीकडची माणसे संकटात सारखीच वागली.

गँडरमध्ये कोणी एकट्याने मोठा पराक्रम केला नाही. ज्याला गाडी चालवता येत होती, त्याने गाडी चालवली; ज्याला स्वयंपाक येत होता, त्याने स्वयंपाक केला; ज्याच्याजवळ औषधे होती, त्याने औषधे दिली; आणि जिच्याजवळ देण्यासारखे काहीच नव्हते, ती दुःखी मातेजवळ जाऊन बसली. प्रत्येक कृती पाहिली तर अगदी क्षुल्लक. एक पांघरूण, एक वाटी सूप, एक दूरध्वनी! परंतु अशा हजारो क्षुल्लक कृती एकत्र आल्या आणि ६,६०० माणसांचा संसार पाच दिवस चालला. मोठे उपकार करण्याची संधी आयुष्यात क्वचितच येते. लहान उपकाराची संधी मात्र आगगाडीच्या डब्यात, रुग्णालयाच्या दारात, बसच्या रांगेत रोजच समोर उभी असते. ती ओळखण्याची दृष्टी तेवढी हवी.

स्वाध्याय

१. गँडरसारख्या लहान गावात एवढा मोठा विमानतळ का बांधण्यात आला? नंतर त्याचे महत्त्व कमी का झाले?

२. कारणे द्या : (अ) उतारूंना विमानांतच बसून राहावे लागले. (आ) हॉटेलांच्या खोल्या वैमानिक व कर्मचारी यांच्यासाठी राखून ठेवण्यात आल्या. (इ) औषधविक्रेत्यांना परदेशांतील डॉक्टरांशी बोलावे लागले.

३. ‘सावध राहणे आणि निष्ठुर होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत,’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. बसचालकांनी संप बाजूला ठेवला, हे त्यांनी योग्य केले असे तुम्हाला वाटते काय? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : उसंत, अगत्य, मिरास, ठावठिकाणा.

६. पृथ्वीचा गोल व दोरा घेऊन न्यूयॉर्क ते लंडन हा मार्ग आखून पाहा. वाटेत कोणते प्रदेश लागतात, ते लिहून काढा.